जप्त सर्व्हर आणि दोन एकर मका

खंडेनवमीच्या सकाळी मालनबाईंनी घरातलं एकूण एक अवजार धुऊनपुसून ओसरीवर मांडलं होतं. कुदळ, खुरपी, फवारणीचा पंप, शिलाई मशीन, नवऱ्याचा, मच्छिंद्ररावांचा, दाढीचा वस्तरासुद्धा. मधोमध लाकडी पाटावर होतं झटका मशीन. मिरजगावच्या शिवारात रानडुकरांनी उच्छाद मांडल्यापासून हे काळं खोकं घरातलं सगळ्यात मानाचं यंत्र झालं होतं. बांधावरच्या तारेला ते जोडलं की तारेला नाक लावणाऱ्या डुकराला झटका बसायचा. डुक्कर मरायचं नाही, पण पुन्हा तिकडे फिरकायचं नाही. उशिरा पेरलेला दोन एकर मका त्याच्याच भरवशावर उभा होता आणि कणसं नुकती दुधात आली होती. म्हणून झेंडूचा मोठा हार त्याला.

आदिनाथचा सर्व्हर तेवढा पूजेतून सुटला होता. मालनबाईंचा हा मुलगा पुण्यातल्या कंपनीचं काम घरी बसून करायचा आणि स्वतःच्या हौसेनं आतल्या खोलीत, कपाटावर, एक पांढरा डबा रात्रंदिवस चालू ठेवायचा. जगभरातल्या हजारो हौशी लोकांनी आपापल्या घरी असे डबे ठेवले होते. कुणाला नाव न सांगता इंटरनेट वापरायचं असलं की त्याचा निरोप या डब्यातून त्या डब्यात, तिथून तिसऱ्यात जायचा आणि मूळ माणूस कोण हे शेवटच्या डब्यालाही कळायचं नाही. "पाणपोई समज, आई," आदिनाथनं सांगितलं होतं. "आल्या-गेल्याला आपण नाव विचारतो का?" मालनबाईंना ते पटलं होतं. पण पूजेला मांडायचा म्हणून पाच मिनिटं डबा बंद करायला तो तयार होईना. "पाणपोई काय सणाला बंद ठेवतात?" असं म्हणून तो विसरलेला नारळ आणायला गावात गेला, आणि तेवढ्यात दारात पोलिसांची जीप येऊन थांबली.

झालं होतं असं, की कुणीतरी मुंबईच्या एका कंपनीला धमकीचे ईमेल पाठवले होते आणि त्यांचा माग आदिनाथच्या डब्यापर्यंत येऊन संपला होता. नव्यानंच रुजू झालेल्या फौजदार निकिता मॅडम जीपमधून उतरल्या खऱ्या, पण नगरहून साहेबांचा फोन आला आणि रेंज फक्त फाटकापाशीच मिळत होती. त्यामुळे घरात आले ते हवालदार काकासाहेब. बरोबर दोन पंच होते. एक शेजारचा रंगनाथ, जो नुसता बघायला म्हणून आला आणि अडकला, आणि दुसरा दूधवाला राम, ज्याला पळता आलं नाही.

"मावशी," काकासाहेब म्हणाले, "तुमच्या पोरानं एक यंत्र बसवलंय म्हनं. रातंदिस चालू असतंय. कुठंय ते?"

मालनबाईंना वेगळीच शंका आली. बांधाच्या तारेत घरातली वीज सोडली म्हणून गेल्याच आठवड्यात शेजारच्या गावात एकावर केस झाली होती. आता पोलीस आपल्या तारेमागे लागले, दुसरं काय असणार?

"ह्येच हाय बगा," त्यांनी हारातल्या खोक्याकडे बोट केलं. "पर आमी लाईट सोडत न्हाई हो. आतल्या बारा होल्टाच्या बॅटरीवर हाय. कुनाचा जीव जात न्हाई त्यानं."

काकासाहेबांनी खोकं निरखलं. काळं, हिरवा दिवा लुकलुकणारा, मागून दोन वायरी निघालेल्या. सर्व्हर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, पण असला तर तो असाच असणार, याबद्दल त्यांना शंका उरली नाही.

"उचलू नका!" मालनबाई ओरडल्या. "पुजलेलं अवजार आज हलवायचं नसतंय."

"आमच्या ठान्यात पन शस्त्रपूजन झालंय, मावशी. माझी रायफल हार घालून बसलीया. पर वरून हुकूम हाय, काय करनार?" असं म्हणून काकासाहेबांनी दोन्ही हातांनी वायरींसकट खोकं धरलं.

मच्छिंद्ररावांनी सकाळी शेतातून मशीन आणताना बटण बंद केलं नव्हतं. काकासाहेब "आयोव!" म्हणून जे उडाले ते थेट शिलाई मशीनवर जाऊन बसले.

"सांगत हुते मी," मालनबाई म्हणाल्या.

यानंतर काकासाहेबांनी खोक्याला लांबूनच नमस्कार केला. बराच खल होऊन तोड निघाली ती अशी, की यंत्र पाटावरून हलवायचंच नाही, पाटासकट न्यायचं. म्हणजे हुकूमही पाळला जातो आणि पूजाही मोडत नाही. हारासकट, हळदीकुंकवासकट सगळं कापडात बांधून लाखेचा शिक्का मारला. पंचनाम्यात काकासाहेबांनी लिहिलं, 'सर्व्हर, काळा, एक नग, पाटासह. स्वभावाने तापट.' शेवटचे दोन शब्द मॅडमनी फाटकापाशी खोडले, गाठोड्याकडे एक नजर टाकून सही केली आणि जीप गेली.

नारळ घेऊन आलेल्या आदिनाथला सगळी हकिकत कळली तेव्हा तो आधी आत धावला. कपाटावरचा पांढरा डबा निवांत चालू होता. त्याला हसू आलं, पण बाहेर वडील डोक्याला हात लावून बसले होते.

"हसतोस काय?" मच्छिंद्रराव म्हणाले. "तुझा डबा न्यायचा सोडून माझं मशीन नेलं. डुकरं काय सनाची सुट्टी घेत्यात व्हय?"

डुकरांनी खरंच सुट्टी घेतली नाही. दसऱ्याच्या सकाळी मक्याचा विहिरीकडचा कोपरा आडवा झालेला होता. मच्छिंद्ररावांनी मोडलेलं एक कणीस आणून आदिनाथच्या लॅपटॉपवर ठेवलं आणि निघून गेले. आदिनाथला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाप चार शिव्या देता तर परवडलं असतं.

असा प्रसंग कधीतरी येईल म्हणून त्यानं दोन पानी खुलासा केव्हाच लिहून ठेवला होता. हा डबा फक्त निरोप पुढे देतो, कुणाची नोंद ठेवत नाही, आणि तो कुठं चालतो हे जगजाहीर यादीत आहे, वगैरे. खुलासा खिशात घातला, डबा बंद करून पिशवीत घातला आणि तो ठाण्यात हजर झाला.

"मॅडम, तुम्ही चुकीचं यंत्र नेलंय. खरा सर्व्हर हा. हा घ्या आणि आमचं झटका मशीन द्या."

मॅडमनी पिशवीत पाहिलं, मग पंचनाम्यात पाहिलं. "सर्व्हर जप्त झालाय. इथं लिहिलंय."

"ते सर्व्हर नाही."

"मग पंचांनी सह्या कशा केल्या?"

"राम दूध घालतो, मॅडम. त्याला काय कळतं सर्व्हरमधलं?"

"म्हणजे तुमच्याकडे आणखी एक सर्व्हर होता?"

"एकच होता. हा!"

"अहो, एक आमच्याकडे आहे, एक तुमच्या हातात आहे. मग एकच कसा?"

आदिनाथनं पिशवी जवळ ओढली. सुटायला आलेला तो दुसऱ्या गुन्ह्याकडे निघाला होता. मॅडमचा चेहरा मात्र आता थोडा पडला होता. गाठोडं सकाळीच नगरला तपासणीला गेलं होतं, पंचनामा दुरुस्त करायला लागणारा रंगनाथ लेकीकडे पुणतांब्याला गेला होता आणि नोकरीतली ही त्यांची पहिलीच जप्ती होती.

"तुमचा खुलासा ठेवून जा, तो नगरला पाठवते," त्या जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "मशीनसाठी वेगळा अर्ज द्या. आणि हा डबा घरी न्या. जप्त नसलेली वस्तू आम्हाला ठेवून घेता येत नाही."

कोपऱ्यातून काकासाहेब कोपर चोळत म्हणाले, "पर लई पावरबाज सर्व्हर हाय हं तुमचा!"

पुढचे बारा दिवस आदिनाथनं पाणपोईही चालवली आणि मकाही राखला. रात्री बापाच्या जोडीनं बांधावर बसून तेलाचा रिकामा डबा बडवायचा आणि सकाळी तांबारलेल्या डोळ्यांनी कंपनीच्या मीटिंगला बसायचा. चौथ्या दिवशी मच्छिंद्ररावांनी स्वतःची घोंगडी त्याच्या अंगावर टाकली. तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला.

तेराव्या दिवशी ठाण्यातून बोलावणं आलं. टेबलावर पाट होता, पाटावर वाळक्या हारासकट झटका मशीन होतं आणि शेजारी नगरचा अहवाल. मॅडमनी तो वाचून दाखवला.

"'सदर यंत्राची कसून तपासणी केली. यंत्रात कोणाही व्यक्तीची माहिती साठवलेली आढळली नाही. कोण आले व कोण गेले याची कोणतीही नोंद सदर यंत्र ठेवत नाही. सबब यंत्रमालकाने दिलेला खुलासा तंतोतंत खरा असल्याचे दिसते.'"

आदिनाथनं मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी आदिनाथकडे पाहिलं. दोघांच्याही ओठांवर एकच वाक्य आलं होतं आणि दोघांनीही ते गिळलं.

"कोर्टानं हमीपत्रावर परत द्यायला सांगितलंय," मॅडम म्हणाल्या. "सर्व्हर चांगल्या स्थितीत ठेवीन, कुणाला विकणार नाही, मागितल्यावर हजर करीन. करा सही."

आदिनाथनं सही केली.

तेव्हापासून सरकारदरबारी आदिनाथचा सर्व्हर मक्याच्या बांधावर आहे. मच्छिंद्ररावांनी त्याला पत्र्याचं छप्पर केलंय आणि पोलिसांनी लावलेली चिठ्ठी पावसानं भिजू नये म्हणून तिला प्लास्टिकची पिशवी घातलीय. उरलेला मका वाचला. मुद्देमाल जागेवर आहे का, हे बघायला काकासाहेब महिन्यातून एकदा येतात. चप्पल काढून दोन हात लांब उभे राहतात, हात जोडतात आणि वहीत 'ठीक' असं लिहितात.

परवाच्या फेरीला मालनबाईंनी त्यांना चहाला घरात बोलावलं. कपाटावरच्या पांढऱ्या डब्याकडे बघत काकासाहेबांनी विचारलं, "हे काय हाय, मावशी?"

"ते व्हय? काई न्हाई," मालनबाई कपबशी पुढे करत म्हणाल्या. "पानपोई हाय पोराची."