गोबरगॅसला घोंगडी

गेनूभाऊंनी भर थंडीत स्वतःच्या अंगावरची घोंगडी काढून गोबरगॅसच्या टाकीला पांघरली, तेव्हा माणूस कामातून गेला हे मढच्या पारावर एकमुखाने ठरलं. मी तेव्हा मढच्या शाळेत विज्ञान शिकवायचो आणि गेनूभाऊंच्या शेजारी खोली घेऊन राहायचो. त्यांच्या डोक्यात हे खूळ भरवणारा मास्तरच, असंही त्याच बैठकीत ठरलं. माझ्या दुर्दैवाने ते खरं होतं.

गेनूभाऊंच्या वडिलांपर्यंत घरात मेंढरं होती. पुढे मेंढरं गेली, भाताची खाचरं आणि चार म्हशी राहिल्या. पण गेनूभाऊंच्या बोलण्यातून मेंढरं काही गेली नाहीत. लग्नात नवऱ्या मुलाकडे बघून ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, "बुजलंय जरा, चार दिसांत रुळंल." माझ्याकडे पाहिलं की रोजचं एकच, "गुरुजी, तुमी लई खंगलाय राव. तुमाला चारा बदलाया पायजे." मी खानावळीत जेवत होतो, त्यामुळे निदान अचूक होतं.

गोबरगॅस बांधायचं कारण मात्र गमतीचं नव्हतं. आदल्या हिवाळ्यात त्यांची बायको, हौसाकाकू, खोकून खोकून अर्धी झाली होती. जुन्नरच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "औषध मी देतो, पण चुलीचा धूर बंद करा. आणखी एक हिवाळा यांनी धुरात काढला, तर मग माझ्याकडे येऊन उपयोग नाही." गेनूभाऊंनी तिथल्या तिथे मान हलवली आणि पावसाळ्याच्या आत खड्डा खणला. विटांनी बांधलेल्या खोल खड्ड्यात शेणाचा काला, त्यावर पालथी लोखंडी टाकी. आत गॅस झाला की टाकी वर उचलायची, संपला की खाली बसायची. दिवाळीपर्यंत सगळं झकास चाललं. काकू शेगडीवर भाकरी करायच्या आणि "ह्या भाकरीला चव न्हाई" म्हणत दोन जास्त खायच्या.

मग माळशेजकडचं वारं सुटलं आणि टाकी खाली बसायला लागली. शेगडी दहा मिनिटं फुरफुरायची आणि विझायची. गेनूभाऊ माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"गुरुजी, शेण त्येच, पाणी त्येच. मग ग्यास कुटं गेला?"

मी नववीच्या वर्गात सांगावं तसं सांगितलं. काल्यात डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते शेण खातात आणि गॅस सोडतात. त्यांना साधारण आपल्या अंगाइतकी ऊब लागते. गारठा वाढला की त्यांचं खाणं मंदावतं, फारच वाढला की बंदच पडतं.

गेनूभाऊंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. "म्हंजी आत जित्राब हाय?"

"आहे."

"आन मी त्यास्नी रोज सकाळच्या पारी टिपाडातलं बर्फावानी पाणी पाजतोय? आरं माज्या कर्मा!"

त्या दिवसापासून खड्ड्यातल्या जंतूंचं नाव 'कोकरं' पडलं. सगळं गाव शेण सकाळी कालवायचं. गेनूभाऊ दुपारी दोनला कालवू लागले, तेही उन्हात तापलेल्या पाण्यात. त्यासाठी टिपाड काळ्या रंगाने रंगवलं. दुपारचं लग्न असलं की ते अक्षता पडताच पंगत सोडून निघायचे. कुणी अडवलं तर म्हणायचे, "पावणं, माजी कोकरं उपाशी हायेत." ज्यांना ठाऊक नव्हतं ते हळहळायचे आणि ज्यांना ठाऊक होतं ते तोंडाला उपरणं लावायचे.

ऊब मोजायला त्यांनी आधी नर्सबाईंकडून तापाचा थर्मामीटर आणला. तो काल्यात बुडवला तर पारा हलेचना. गेनूभाऊ घाबरून माझ्याकडे पळत आले. "गुरुजी, गार पडली वो! अंगात धुगधुगी न्हाई!" तापाचा थर्मामीटर इतकं कमी तापमान दाखवतच नाही, हे समजावण्यात माझा अर्धा तास गेला. त्यापेक्षा शाळेच्या प्रयोगशाळेतला लांब थर्मामीटर देणं सोपं होतं. तो मी दिला. ते त्याला सुतळी बांधून खड्ड्यात सोडायचे, वर काढून धोतराला पुसायचे आणि डोळ्याशी धरायचे. मग कोपरीच्या खिशातून वही काढून काहीतरी लिहायचे. तिसरी शिकलेला माणूस इतकं मन लावून लिहिताना मी दुसरा पाहिला नाही.

हौसाकाकू दारातून हे बघायच्या आणि मला ऐकवायच्या. "बगा गुरुजी. इतक्या वर्सांत माज्या कपाळाला कदी हात लावला न्हाई ह्या मान्सानं, आन शेणाचा ताप बगतोय." मला मनातून त्यांचं म्हणणं पटायचं. बायकोच्या छातीसाठी सुरू केलेलं काम, पण आता यांना कोकरांपुढे बायकोही दिसेना, असं माझं पक्कं मत झालं होतं.

पौषात कडाक्याच्या थंडीची लाट आली. खड्ड्यातला पारा अठरावर आला. मेंढपाळाच्या घरी गारठलेलं कोकरू आणलं की त्याला आगटीजवळ धरतात, लगेच ऊब देतात. गेनूभाऊंनी तेच केलं. मी शाळेच्या कामासाठी जुन्नरला गेलो होतो. त्यांनी लग्नातली मोठमोठी पातेली आणली आणि अंगणात तीन दगडांवर पाणी उकळलं. ते आधणाचं पाणी सलग चार दिवस खड्ड्यात ओतलं. त्या धुराने काकूंची दैना झाली ती वेगळीच. मी परत आलो तेव्हा टाकी पार तळाला बसली होती. थोडे जंतू भाजले होते आणि बाकीचा काला पातळ होऊन वाहून गेला होता. त्यांना ऊब हवी असते, पण ती हळूहळू आणि सारखी हवी असते, हे मी आधी सांगायचं राहून गेलं होतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं.

घरात पुन्हा चूल पेटली. तीन आठवडे गेनूभाऊ खड्ड्याच्या काठावर बसून राहिले. ताटातली भाकरी तशीच राहायची.

"गेनूभाऊ," मी म्हणालो, "अहो, जंतू होते ते. पुन्हा होतील."

त्यांनी पुढ्यातलं ताट बाजूला सारलं. "तुमाला न्हाई कळायचं, गुरुजी."

मी जरा दुखावलोच. जंतू कळण्याचा पगार मला मिळत होता.

चौथ्या आठवड्यात ते उठले. "आता ह्या बारीला चुकायचं न्हाई," एवढंच म्हणाले. त्यांचा मेहुणा खोडदला राहायचा. तिकडे आमच्यासारखा गारठा नाही आणि त्याचा गोबरगॅस जोरात चालू होता. विरजणाला दही लागतं तसा नव्या खड्ड्याला चालू खड्ड्यातला काला लागतो, हे या वेळी मी न विसरता सांगितलं. मी रविवार बघून सोबत गेलो. येताना दुधाच्या दोन कॅन भरून काला होता आणि दोन्ही कॅन घोंगडीत गुंडाळलेल्या होत्या. जुन्नरच्या स्टँडवर कंडक्टरने नाक दाबून विचारलं, "बाबा, काय हाय ह्यात?"

"कोकरं," गेनूभाऊ म्हणाले.

कंडक्टरने झाकण उचललं आणि घाईने परत ठेवलं. "बाबा, शेण हाय ह्ये!"

"त्यांचा चारा हाय त्यो. दार लावून घ्या भाऊ, वारं लागतंय त्यास्नी."

मी खिडकीबाहेर बघत अनोळखी प्रवासी झालो. पण त्या माणसाने मढपर्यंत दोन्ही कॅन पोटाशी धरून आणल्या.

मग त्यांनी खड्ड्याभोवती पेंढा, तूस आणि शेण यांचा उकिरडा गोल रचला. उकिरडा कुजताना तापतो, त्याची ऊब भिंतीतून आत जाते. दिवसा टाकीला ऊन दाखवायचं, ऊन कलताच घोंगडी पांघरायची. घरात घोंगडी ती एकच धड होती. "मला काय," ते म्हणायचे, "मी पोत्यात बी झोपतो." एके सकाळी हौसाकाकूंनीच हाक मारली, "गुरुजी, टाकी उचलली वो!" ती खरोखर हातभर वर आली होती. चूल विझली ती विझलीच. होळीपर्यंत चार घरांतली माणसं उकिरडा कसा रचायचा ते विचारून गेली. त्यांतली तीन पारावरच्या त्या बैठकीतली होती.

उन्हाळ्यात माझी घोडेगावच्या शाळेत बदली झाली. प्रयोगशाळेचं सामान परत करायचं म्हणून मी थर्मामीटर मागायला गेलो. गेनूभाऊंनी तो पुसून, लोकरीच्या तुकड्यात गुंडाळून दिला आणि त्यासोबत वहीही पुढे केली. "ऱ्हावू द्या तुमच्याकडं. पोरांस्नी शिकवाया कामाला यील."

मी ओसरीवर बसून वही चाळली. प्रत्येक पानावर तारीख आणि दोन रकाने होते. पहिल्यावर लिहिलं होतं 'खड्डा'. दुसऱ्यावर 'हौसा'. गेनूभाऊंच्या तोंडून मी बायकोचं नाव कधी ऐकलं नव्हतं. ते 'घरातली' म्हणायचे.

"गेनूभाऊ, हा दुसरा आकडा कसला?"

ते टोपी चाचपत बसले. मग हळूच म्हणाले, "पहाटं किती बारी खोकती, त्यो."

मी पौषाचं पान काढलं. पहिल्या रकान्यात त्या तीन आठवड्यांत रेघाच होत्या. दुसऱ्या रकान्यात एकवीस, सव्वीस, एकतीस, चौतीस. मी ज्या दिवशी त्यांना जंतूंवरून समजावत होतो, त्या दिवशीचा आकडा अडतीस होता. मला स्वतःची लाज वाटली. पुढे आकडे उतरत गेले होते. नऊ, सहा, चार. आजच्या तारखेला खड्डा अठ्ठावीस, हौसा एक.

"काकूंना दाखवलंय हे?"

"तिला कुटं वाचता येतंय? आन तुमी सांगू नगा. मी मोजतोय म्हनून कळलं तर दाबून खोकंल ती."

एवढ्यात आतून काकूंना ठसका लागला. एकदाच. गेनूभाऊ बोलायचे थांबले, कान देऊन बसले. त्यांचा हात पेन्सिलीसाठी खिशात गेला आणि मग वहीकडे बघत नुसताच राहिला.

मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि लोकरीचा तुकडाही ठेवला, थर्मामीटरसकट. दुसऱ्या दिवशी शाळेच्या सामानाच्या यादीत 'तापमापक, एक, फुटला' असं लिहिलं आणि खाली सही करून घोडेगावची गाडी धरली.