नानाजींचं जबलपुरी घड्याळ

रांझीतल्या आमच्या क्वार्टरांच्या लाइनीत सगळ्यांची घड्याळं फॅक्टरीच्या भोंग्यावर चालायची. एका शेजारच्या नानाजींचं सोडून. त्यांचं दहा मिनिटं मागं असायचं, आणि ते मुद्दाम ठेवलेलं होतं.

"सरकारी घड्याळ मिर्झापूरच्या सूर्यावर लावलंय, सूनबाई," ते मला सांगायचे. "आपल्या जबलपूरवर सूर्य मागून येते. मी उशिरा जात नाही, फॅक्टरीच लवकर उघडून राहिली."

फाटकावरचा दरबान रोज विचारायचा, "बाबूजी, आज फिर लेट?" नानाजी त्यालाही मिर्झापूर समजावत उभे राहायचे. त्यात आणखी उशीर व्हायचा.

लाइनीतल्या शाळकरी पोरांचा तर त्यांनी पिच्छाच पुरवला होता. "सांगा बरं, नर्मदा अन् सोन दोघंही अमरकंटकचे. मग एक पश्चिमेला अन् एक पूर्वेला काहून?" जूनच्या उन्हात आमच्या बेबीला अंगणात उभं केलं. भर बाराला. म्हणजे त्यांच्या बाराला. का, तर कर्कवृत्त आपल्या उत्तरेला सिहोऱ्याजवळून जातं, म्हणून सूर्य जबलपूरच्या ऐन डोक्यावर येतो आणि आपली सावली पायाखाली गडप होते. त्यापलीकडच्या कटनीच्या पोरांच्या नशिबी हे कधीच नाही म्हणे. सावली खरंच गडप झाली. बेबीला ऊन लागलं ते वेगळं. संध्याकाळी तिच्या तळपायांना कांदा चोळताना मी नानाजींना मनातल्या मनात काय काय म्हटलं, ते इथं सांगत नाही.

एकाहत्तरची लढाई लागली आणि नानाजी एकदम बदलले. भोंगा व्हायच्या कितीतरी आधी सायकलवर टांग. दरबान म्हणाला, "चलो, लढाई ने सुधार दिया." मलाही तसंच वाटलं. त्यांचा विनू फौजेत होता, आगरतळ्याकडे. बायको केव्हाच गेलेली, हा एकुलता एक, आणि लढाई लागल्यापासून त्याची काहीच खबर नव्हती. नानाजी त्याबद्दल अवाक्षर काढत नसत. मीही विचारायला धजत नव्हते.

एक दिवस चहाला साखर नव्हती म्हणून वाटी घेऊन त्यांच्याकडे गेले. अंगणात अजून ऊन होतं, आणि नानाजी दिवा लावून ताटावर बसले होते.

"काहून जी, इतक्या लवकर जेवून राहिले?"

"तिकडे अंधार पडला, सूनबाई." त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं. ते आता पहिल्यापेक्षा पाऊण तास पुढं होतं. "विनूकडचा सूर्य आपल्या आधी बुडते. पोरगा आता जेवायला बसला असेल. त्याला एकट्यानं घास उतरत नाही."

ताटातलं पिठलं निवून गेलं होतं. भाताला हातही लागलेला नव्हता.

साखर मागायची राहिलीच. दुसऱ्या दिवसापासून चहाच्या वेळेला मी कणीक मळायला घेऊ लागले, आणि विनू सुखरूप येईपर्यंत आम्ही सगळे रोज दिवसाउजेडी नानाजींच्या पंगतीला बसलो.