सोपानकाकांचे कॅनडावाले

सोपानकाकांनी समुद्र जन्मात एकदाच पाहिला होता, तोही कंपनीच्या सहलीत, बसच्या खिडकीतून. पण अटलांटिक महासागरात पाणबुडी कुठं दबा धरून बसते, हे ते काळेवाडीतल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवरून हात लांब करून दाखवायचे.

याला कारण रद्दीत मिळालेलं एक इंग्रजी पुस्तक. महायुद्धात जहाजांच्या राखणीसाठी पाणबुड्या हुडकत फिरणाऱ्या कॅनडाच्या एका विमानतुकडीचा तो इतिहास. चाकणच्या गाड्यांच्या कंपनीतून रिटायर झाल्यावर काकांनी डिक्शनरी मांडीवर घेऊन तो दोन वर्षांत संपवला आणि अख्खी तुकडी नात्यात घेतली. वैमानिक जॉर्जचा जॉर्जराव झाला, वायरलेसवाल्या विल्यमचा विल्यमभाऊ. "जॉर्जराव तेवढा तापट हाय," असं ते सख्ख्या मेहुण्याबद्दल बोलावं तसं सांगायचे.

कंपनीत मी त्यांच्याच हाताखाली फायनल इन्स्पेक्शनला होतो. एकदा गच्चीवर चेष्टेनं म्हणालो, "काका, बारा-बारा तास उडून यांना दिसायचं नुसतं पाणी. काय उपयोग?"

काका चिडले. "पाणबुडी दिसली न्हाई म्हंजी फुकट गेलं व्हय? खालची जहाजं पोचली का न्हाई? आपन जल्मभर काय केलं? माल तपासला. गाडी कुठं अडली न्हाई, तर आपली आठवन कुनाला?"



जॉर्जरावांचं विमान एका फेरीवरून परतलंच नाही. आत आठ माणसं होती. दर सर्वपित्री अमावास्येला काका त्यांची आठ पानं गच्चीवर मांडायचे. पहिल्या वर्षी, गोऱ्यांना सोसेल म्हणून, पावाला जॅम लावून ठेवला. कावळा फिरकला नाही. मग स्वतः वडे तळून आणले, ते लगेच उचलले गेले. "इतकी वर्सं उपाशी मानसं, अन् मी जॅम वाढतुय," म्हणून काका स्वतःवरच करवादले.

एका वर्षी मी विचारलं, "काका, हे आपले कोण?"

"ज्याचं कुनी न्हाई, त्याचं आजच्या दिवशी करत्यात. समुद्रात गेलेल्याची मातीबी गावत न्हाई." ते पान सरळ करत राहिले. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. "माझ्यामागं ह्यांचं कोन बघल रं?"

विचारलं त्यांनी त्या आठांबद्दल. मला मात्र त्यांचीच काळजी वाटली. "मी बघीन," म्हणालो. त्यांनी तिथंच उन्हात उभं करून माझ्याकडून आठही नावं पाठ करून घेतली.

काकांना जाऊन आता वर्ष उलटलं. यंदा मी गच्चीवर नऊ पानं मांडली. आठ नावं न अडखळता घेतली. नववं पान मात्र काकांसारखंच नुसतं सरळ करत राहिलो.