पेग्रम वकिलांचे सभ्य मत

सभ्य माणूस निवडणूक हरत नाही. तो फक्त निवडून येत नाही. व्हर्जिनियातले वकील लेम्युएल पेग्रम विधानसभेच्या निवडणुकीत एका मताने पडले. परंतु त्याबद्दल बोलणे असभ्यपणाचे असल्याने ते पडलेच नाहीत, असे साऱ्या जिल्ह्याने ठरवले आहे. आपणही तसेच धरून चालू आणि मतदानाच्या दिवसापासून सुरुवात करू.

पेग्रम यांची कारकीर्द उज्ज्वल होती. त्यांचे घर कोर्टाच्या अगदी समोर. त्यामुळे अशिलाला विचार बदलायला वेळ मिळत नसे, आणि हीच त्यांची वकिली. विरोधी उमेदवार कर्नल ऑगस्टिन टॉलिव्हर यांचे आश्वासन एकच होते: निवडून आलो की कोर्ट नदीपलीकडे, माझ्या जमिनीवर नेईन. म्हणजे पेग्रम पडले असते (जे घडलेले नाही), तर त्यांच्या दारात अशिलांऐवजी गवत उगवले असते.

मतदानाची पद्धत आदर्श होती. कोर्टाच्या ओसरीवर शेरीफ बसे, शेजारी दोन्ही उमेदवार. मतदाराने पुढे येऊन मोठ्याने नाव घ्यायचे. ज्याचे नाव घेतले त्याने उठून, झुकून आभार मानायचे. ज्याचे घेतले नाही त्याने मतदाराचा चेहरा नीट लक्षात ठेवायचा. (मतदार म्हणजे जमीन असलेले गोरे पुरुष. ती जमीन कसणारे आणि त्या दिवशी डुक्कर भाजून रमचे पिंप मांडणारे गुलाम, तसेच समस्त बायका, यांना मत नाही, ही गोष्ट कुणालाही खटकली नाही. रम संपली असती तर मात्र खटकले असते.) रम दोघांची प्यायची आणि मत एकालाच द्यायचे, या अन्यायाने बरेच मतदार सद्गदित झाले होते.

उन्हे कलली तेव्हा पेग्रम एका मताने पुढे होते. मत द्यायचे उरले फक्त दोघे उमेदवार. इथे रीत स्पष्ट होती. सभ्य उमेदवार आपले मत प्रतिस्पर्ध्याला देतो, प्रतिस्पर्धी त्याला देतो. निकाल जागच्या जागी राहतो आणि दोघांची अब्रू वाढते.

समोरच्या घराच्या खिडकीतून पेग्रमांच्या पत्नी डोरोथियाबाई ओरडल्या, "अहो, स्वतःचं नाव घ्या! गपगुमान स्वतःचं घ्या!"

"डॉली, लोक काय म्हणतील?"

"म्हणायला शुद्धीवर आहे कोण?"

पेग्रम उठले. घसा खाकरला. "ऑगस्टिन टॉलिव्हर."

टाळ्यांचा कडकडाट झाला. कर्नल उठले, झुकले, डोळेही पुसले.

"आता तुम्ही बोला कर्नल. कुणाला?" शेरीफने विचारले.

"मनात पेग्रमसाहेबच होते हो! पण एवढ्या शहाण्या माणसानं भर सभेत मला निवडलंय. आता त्यांच्या निवडीवर मी शंका घेऊ? मेलो तरी नाही. टॉलिव्हर!"

या युक्तिवादात पेग्रमना एकही खोट सापडेना. व्यवसायबंधूला द्यावी तशी त्यांनी कर्नलना दाद दिली.

"छान," खिडकीतून आवाज आला. "आता घराला चाकं लावा."

कोर्ट लाकडी होते. त्याखाली ओंडके घालून, बैल जुंपून ते पेग्रमांच्या दारावरूनच नेण्यात आले. पेग्रम टोपी काढून उभे होते. (आत तारखेची वाट पाहत बसलेला त्यांचा शेवटचा अशील हात हलवत गेला.)

पेग्रमनी विधानसभेकडे अर्ज केला: कोर्ट परत द्यावे; ते शक्य नसल्यास नदी कोर्टाच्या पलीकडे सरकवावी. समितीने (अध्यक्ष: कर्नल टॉलिव्हर) दोन्ही मागण्या तत्त्वतः मान्य केल्या. अट इतकीच, की कर्नलना मत दिलेल्या एका तरी इसमाने "माझे मत चुकले" असे चारचौघांत मोठ्याने सांगून अर्जावर सही करावी.

पेग्रम घरोघर फिरले. कोर्ट लांब गेले म्हणून सगळे हळहळले. कर्नलला सगळ्यांनी शिव्या घातल्या. मत मात्र त्याला कुणीच दिले नव्हते.

"मग तुम्हीच करा की सही!" डोरोथियाबाई म्हणाल्या. "तुम्हीही त्यालाच दिलंत ना?"

"मी?" पेग्रम दुखावल्या स्वरात म्हणाले. "मी कधी दिलं?"

सबब, सहीची जागा अद्याप रिकामी आहे. वाचकांपैकी ज्यांचे मत कधीकाळी चुकले असेल, त्यांनी आपले पूर्ण नाव, पत्ता आणि ज्याला मत दिले त्याचे नाव शेजाऱ्यांदेखत मोठ्याने उच्चारून सहीसाठी पुढे यावे, ही नम्र विनंती. गर्दी करू नये.