किसनमामांचा टायफाईड

टायफाईड पॉझिटिव्ह आला म्हणून पेढे वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमचे किसनमामा. राजूरला गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी रक्त तपासायची लॅब आहे आणि समोरच मामांचं नारळ-फुलांचं दुकान. ‘पॉझिटिव्ह’ म्हटलं की भल्याभल्यांचे चेहरे पडतात. मामा मात्र पुडा सोडतात आणि बाकावर तापानं फणफणलेल्या लोकांच्या हातावरही एकेक पेढा ठेवतात.

‘विडाल’ या टायफाईडच्या तपासणीला ते पहिल्यापासून ‘इठ्ठल’ म्हणत आले. “डॉक्टरसायेब, जल्दी आमचा इठ्ठल करा.” मी डॉक्टर नाही, लॅबवाला आहे, हे सांगून सांगून मी थकलो. ताप आहे का विचारलं, की “आतून हाय” हे उत्तर ठरलेलं. थर्मामीटर लावावा तर मामा माझ्यापेक्षा थंड! मी चिडतो, मामा निवांत बाही वर करतात.

रक्त दिलं तरी स्वारी हलत नाही. दुकान वाऱ्यावर सोडून मान वाकडी करून माझ्या हातातली काच बघत बसतात. टायफाईडची खूण रक्तात असली, की काचेवरच्या थेंबात नासलेल्या दुधासारखे बारीक दाणे धरतात.

“फुटलं?”

“फुटलं, मामा.”

“बराबर!” जणू माझीच परीक्षा चालली होती आणि मी पास झालो.

एकदा मात्र मी वैतागलो. “मामा, तुम्हाला आता काही झालेलं नाही. पूर्वी कधीतरी टायफाईड येऊन गेलाय. त्याच्याशी लढायला अंगानं जे तयार केलं, ते रक्तात शिल्लक आहे. तेवढंच दिसतं. उगाच गोळ्या खाऊ नका.”

“गोळ्या कोण खाऊन राह्यलंय? जुना हाय ते मला माहीत हाय की.”

मग त्यांनी सांगितलं. गयामामी, म्हणजे त्यांची बायको, तापानं पडली होती. मामाच तिला भरवायचे. तिला घास जायचा नाही आणि अन्न टाकलेलं तिला आवडायचं नाही, म्हणून तिच्या ताटात उरलेलं तेच खायचे. थोड्या दिवसांनी मामाही पडले. दवाखान्यात दोघांच्या खाटा शेजारी शेजारी. मामींच्या आतड्याला भोक पडलं आणि त्या गेल्या. मूलबाळ नव्हतंच.

“तिचा ताप हाय तो, सायेब. तिनं देल्ता. ती गेली, मी राह्यलो. साड्या बहिणींनी नेल्या. आता तिचं म्हणून एवढंच हाय, रगतात.”

तरी सांगणं भाग होतं. ही खूण कायमची नसते, मामा. हळूहळू उतरत जाते, कुणाची लवकर, कुणाची उशिरा. मामांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. त्यानंतर मी त्यांना ताप आहे का, असं कधी विचारलं नाही. दाणे मात्र दर खेपेला विरळ होत चालले होते आणि काच हलवताना आता मलाच धाकधूक व्हायची.

परवा मामा आले. मी काच हलवली. उजेडाकडे धरून पुन्हा हलवली. थेंब एकसारखाच राहिला.

“फुटंना का?”

“नाही, मामा. निगेटिव्ह आहे.”

दुसऱ्या कुणाला मी हसून घरी धाडलं असतं. मामा काचेकडे बघत राहिले. समोर दुकानात कुणीतरी नारळासाठी हाका मारत होतं, त्यांना ऐकू आलं नाही.

“थोडं जास्त रगत घेऊन बघा न्हं,” ते म्हणाले. “कुठंतरी आसंल.”

जास्त घेऊन काही उपयोग नाही, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात मामांनी टोचलेला हात मांडीवर घेतला आणि दुसऱ्या हाताची बाही वर सारली.

“ह्या हाताचं घ्या, सायेब. ती ह्या अंगाला निजायची.”