डासांचे कलेक्टर

सकाळी सहाला आमची बेल वाजली, की दूधवाला नसतो. दारात तांडेलकाका असतात. डाव्या हातात टॉर्च, उजव्या हातात काचेची नळी, त्या नळीला जोडलेली रबरी नळी, आणि रबरी नळीचं दुसरं टोक थेट तोंडात. त्यामुळे बोलणं अर्धंमुर्धं.

"झोपा, झोपा. तुमी उठू नका. मला फक्त भिंत बघायचीय."

पहिल्या वेळी माझी बायको सुजाता किंचाळली होती. नुकतंच लग्न होऊन बोईसरच्या या बिल्डिंगमध्ये आलो होतो, आणि एक परका माणूस आमच्या पलंगाखाली टॉर्च मारत होता. मग तो कपाटामागे गेला, टांगलेल्या शर्टांच्या आत डोकावला, आणि एकदम श्वास आत ओढला. सुर्रकन् एक डास नळीत! मधे बारीक जाळी असते, तो तोंडात जात नाही, हे मला फार उशिरा कळलं. त्याआधी वर्षभर मी घरात येणाऱ्या पाहुण्यांना सांगत असे की आमचे शेजारी डास पितात.

नळीतला डास उजेडात धरून काका त्याचं पोट बघत आणि अत्यंत प्रेमाने विचारत, "कोनाचं पिऊन आलीस गं?"

'आलीस', कारण चावते ती मादी. काका डासाला कधी डास म्हणत नाहीत. बाई म्हणतात. "मास्तर, काल तुझ्या मोरीत चार बाया होत्या," असं ते भर बाजारात, माझ्या विद्यार्थ्यांच्या आयांसमोर मोठ्याने सांगत. मी घरी गणिताच्या शिकवण्या घेतो. खुलासा करता करता माझी दमछाक होई.

हरेश्वर तांडेल मूळ इथल्याच किनाऱ्यावरच्या नवापूरचे. घरात सगळे दर्यावर जाणारे, हा एकटा गटारावर गेला. आरोग्य खात्याच्या हत्तीरोग पथकात 'कीटक समाहारक' नावाचं पद असतं. इंग्रजीत इन्सेक्ट कलेक्टर. लग्न ठरताना काकांच्या मामाने यातला पहिला शब्द गिळला आणि मुलीकडच्यांना सांगितलं, पोरगा कलेक्टर आहे. तिकडच्यांनी पत्रिकेत तसं छापलंही.

"बायको मरेस्तोवर बोलायची," काका हसत सांगत, "कलेक्टर म्हनून दिली, निघाला तो डासांचा."

बायको जाऊन बरीच वर्षं झाली. मूलबाळ नाही. काका निवृत्त झाले, पण खात्याने त्यांना सोडलं तरी त्यांनी बायांना सोडलं नाही. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर एक जुनी सूक्ष्मदर्शक दुर्बीण होती. सकाळी पकडलेल्या डासांना ते तिच्याखाली सुईने उकलून बघत आणि त्यात हत्तीरोगाच्या जंताची पिल्लं आहेत का, ते शोधत. नसली की डायरीत फुली मारत आणि मग त्याच ओट्यावर चहा करत. म्हणून त्यांच्याकडचा चहा कोणी घेत नसे.

एकदा बाहेरून एक मोठे डॉक्टर संशोधनासाठी आले होते. आफ्रिकेत नदीकाठच्या अंधत्वावर काम केलेले. काकांनी दोन वर्षं त्यांना डास पकडून दिले आणि मोबदल्यात त्या दूरच्या रोगाची सगळी माहिती काढून घेतली. तेव्हापासून ते त्या रोगाबद्दल असं बोलत, जणू सोयरीकच आहे.

"तिथं काली माशी असते. वाहत्या, सोच्छ पान्यात वाढते. खानदानी! आपली बाई गटारातली. पन दोघींच्या पोटातला भाडेकरू, तो जंत, एकाच घरान्यातला, मास्तर. तिथं डोल्यात शिरतो, इथं पायात. आनि गोली बघ, तिकडं देतात तीच हल्ली इकडं पन देतात. उंची मोजून."

वर्षातून एकदा गोळ्या वाटायला आशाताई येत, तेव्हा उंची मोजायची काठी काका धरत. गोळी हातात घेऊन "जेवल्यावर घेतो" म्हणणाऱ्याला ते सोडत नसत. "आता गिल. हां. आ कर. जीभ वर कर." आमच्या बिल्डिंगमधल्या झाडून सगळ्या माणसांच्या जिभेची खालची बाजू पाहिलेला तो एकमेव माणूस.

काकांचा खरा शत्रू म्हणजे सोसायटीचे सेक्रेटरी राऊतसाहेब. कारण काका दर सोमवारी जिन्याखालच्या सूचना-फळ्यावर घरागणिक डासांचा आकडा लिहीत. '१०४ : सात. २०१ : दोन. ३०३ : एकोणीस, अभिनंदन.' ३०३ राऊतसाहेबांचा. त्यांना तो फ्लॅट विकायचा होता. पालघरहून एक गिऱ्हाईक आलं, फळा वाचला आणि वर न जाताच परत गेलं. राऊतसाहेब धावत खाली आले.

"तांडेल, ही बदनामी आहे!"

"बदनामी कसली? मोजलेत मी."

"माझ्याच घरात कसे एवढे?"

"तुमच्या खिडकीखाली संडासाची टाकी हाय. झाकन फुटलंय, पाइपाला जाली नाय. तीन अर्ज दिले तुमाला. बाया काय अर्ज देत नाय, त्या सरल येतात."

जाळी काही बसली नाही. पण आठवड्याभराने त्या पाइपाच्या तोंडावर एक बनियन घट्ट बांधलेली दिसली. त्याच सुमारास राऊतसाहेबांची एक बनियन दोरीवरून नाहीशी झाली होती. काका म्हणाले, "वाऱ्यानं उडाली असंल. बांधली पन वाऱ्यानंच."

हे असं मजेत चाललं होतं. मग गेल्या वर्षी, पाऊस ओसरल्यावर, एका सकाळी काका नळीशिवाय आले. चेहरा गंभीर.

"मास्तर, सापडली. जिन्यातली बाई हाय. पोटात तीन पिल्लं."

म्हणजे आमच्याच आसपास कोणाच्या तरी रक्तात तो जंत फिरत होता. त्या माणसाला काही होत नसेल, ताप नाही, सूज नाही. पण त्याचं रक्त पिऊन डास दुसऱ्यांना चावत राहणार, आणि कित्येक वर्षांनी कोणाचा तरी पाय हत्तीसारखा होणार. पथकाचे लोक आले आणि त्यांनी रात्री नऊनंतर सगळ्यांच्या बोटातून थेंबभर रक्त काचेवर घेतलं. रात्रीच का, तर हा किडा दिवसा आत झोपतो आणि रात्री कातडीजवळच्या रक्तात फिरायला निघतो. "बोईसरच्या पोरांसारखा," काका म्हणाले.

रक्ताचा निकाल यायच्या आधीच राऊतसाहेबांचा निकाल तयार होता. आमचा वॉचमन रामसूरत आणि त्याची बायको पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत राहतात. मूळचे बिहारचे. राऊतसाहेबांनी त्याला महिनाअखेर खोली सोडायला सांगितलं.

रामसूरत हात जोडून म्हणाला, "साहब, हम बीस साल से यहीं हैं. मच्छर भी तो यहीं का है."

चौथ्या दिवशी संध्याकाळी काका मला गेटबाहेर भेटले. रिक्षा स्टँडच्या पलीकडे घेऊन गेले आणि इकडेतिकडे बघून म्हणाले, "पथकानं काचा तपासायला मला पन बसवलंय. तुझी काच मीच बघितली. तुझ्याकडं दोन हायत."

"काय दोन?"

"किडे. फार नाय. तुझ्या शिकवनीच्या वर्गापेक्षा कमी."

मला हसू आलं नाही. सुजाता? तिचं रक्त स्वच्छ होतं. रामसूरतचंही, त्याच्या बायकोचंही. सगळ्या बिल्डिंगमध्ये मी एकटा. मी पहिला विचार काय करावा? आजाराचा नाही. मी म्हणालो, "काका, कोणाला सांगू नका. पोरं शिकायला येतात घरी. एकही यायचं नाही."

"हा शिवल्यानं होत नाय."

"तुम्हाला माहीत आहे. त्यांना कोण सांगणार?"

काकांनी मान हलवली. "बारा दिवस गोल्या हायत. मी आनून देईन. माझ्यासमोर गिलायच्या."

रविवारी सोसायटीची मीटिंग झाली. राऊतसाहेब उभे राहून म्हणाले, "निकाल आलाय, एक जण निघालाय, एवढं मला कळलंय. नाव कळलं पाहिजे. नाहीतर वॉचमनची खोली उद्याच रिकामी."

"नाव सांगायचं नसतं," काका म्हणाले. "औषध चालू झालंय. विषय संपला."

"म्हणजे वॉचमनच!"

रामसूरत दाराशी उभा होता. त्याची बायको पदराआड रडत होती. मी तिसऱ्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर. उठायचं एवढंच काम होतं. मी उठलो नाही.

काका उठले. "मी हाय तो," ते म्हणाले. "इतकी वर्सं बाया पकडल्या, एखादीनं मला पकडला."

मग खुर्च्या सरकल्याचा आवाज. काकांच्या दोन्ही बाजूंच्या.

दुसऱ्या दिवसापासून काकांना कोणी दार उघडेना. ते लिफ्टमध्ये शिरले की आतले बाहेर येत. काकांनी त्यातही मजा शोधली. "आख्खी लिफ्ट एकट्याला, मास्तर. खऱ्या कलेक्टरला पन नसंल." मासळीवाली पायरीवर टोपली टेकवून बसली की काका मुद्दाम रांगेच्या मधोमध उभे राहत. रांग आपोआप पांगे आणि त्यांना ताजे बोंबील सगळ्यांआधी मिळत.

रोज संध्याकाळी ते माझ्याकडे येत. सुजाता आतून मला दबक्या आवाजात सांगे, "त्यांना दारातच थांबवा हं." ते ऐकू न आल्यासारखं करून काका उंबऱ्याबाहेर उभे राहत. मी तांब्या घेऊन बाहेर जाई, जिन्याच्या वळणावर गोळ्या घेई. "गिल. आ कर. जीभ." आणि काका खाली निघून जात. शिकवणीची पोरं त्यांना बघून भिंतीला चिकटून वाट देत.

बाराव्या दिवशी शेवटची गोळी गिळल्यावर मी विचारलं, "काका, तुम्ही असं का सांगितलंत? तुमचं नाव खराब झालं."

ते जिन्याच्या पायरीवर बसले. रिकामं पाकीट दुमडून खिशात ठेवलं. "तुझ्याकडं पोरं येतात. रामसूरतची खोली गेली असती. माझं काय जानार व्हतं?" मग हसले. "माझ्याकडं तसं पन कोन येत नाय, मास्तर. म्हनून तर मी सगल्यांकडं जायचो."

ते कठडा धरून खाली उतरले.

त्याच संध्याकाळी मी सुजाताला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती घाबरेल. ती घाबरली नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "इतके दिवस तुम्ही त्यांना दारात उभं केलंत?"

"तूच म्हणत होतीस ना, दारात थांबवा म्हणून."

"मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत होतं."

पुढच्या मीटिंगला मी उभा राहिलो. सगळं सांगितलं. राऊतसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि टाकीच्या झाकणाचा विषय स्वतःहून काढला. चार पोरांनी शिकवणी सोडली. महिन्याभराने त्यांतली दोन परत आली, कारण परीक्षा जवळ आली होती. पण पोरांचं हे नंतरचं.

त्या मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सुजाता आणि मी तळमजल्यावरच्या काकांच्या दारात उभे राहिलो. बेल वाजवली. आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. काकांनी दार अर्धं उघडलं आणि आमच्याकडे बघतच राहिले.

"काय झालं? कोन आजारी हाय?"

"कोणी नाही," सुजाता म्हणाली. "चहा घ्यायला आलोय."

कोणाच्याही पलंगाखाली बिनधास्त शिरणारा तो माणूस स्वतःच्या घराच्या दारात गोंधळून गेला. "या... नाय, थांबा जरा," म्हणून आत पळाला. आम्ही बाहेरून ऐकत होतो. डबे सरकले, कशावर तरी फडकं फिरलं, एक खुर्ची ओढली गेली. मग आम्ही आत गेलो. घरात खुर्च्या दोनच होत्या, आणि दुसरीवर कित्येक वर्षांच्या डायऱ्यांची चळत होती. ती त्यांनी दोन्ही हातांनी उचलली, पण ठेवायची कुठे ते सुचेना. चळत छातीशी धरून ते खोलीच्या मधोमध उभे राहिले.

"सुजाताबाय, तू बस गं," ते म्हणाले. "मास्तर, तू पन बस. मी उभाच बरा."

सुजाताने पुढे होऊन त्यांच्या हातातल्या अर्ध्या डायऱ्या घेतल्या आणि सरळ जमिनीवर बैठक मारली. मी तिच्याशेजारी बसलो. काका आमच्याकडे पाठ करून गॅस पेटवायला लागले. काडी तिसऱ्या वेळी लागली.