गाशा अंथरणारं कोणी आहे का?

"शनिवारी संध्याकाळी पाचला टेबल रिकामं! शब्द देतो!" चिठ्ठीमास्तरांनी बायकोला छातीठोकपणे सांगितलं.

"शब्द नको," बायको म्हणाली. "अकरा वर्षं घरात शब्दच येताहेत. टेबल द्या."

जेवणाच्या टेबलावर अकरा वर्षं शब्दकोशाच्या चिठ्ठ्यांची खोकी होती आणि दोघं नवरा-बायको मांडीवर ताट घेऊन, गाडी चुकलेल्या प्रवाशांसारखी जेवत होती. शनिवारी टेबल मिळालं नाही तर बायको थोरल्या बहिणीकडे निघून जाणार होती. तिच्याकडे टेबल होतं. वर त्याला सहा खुर्च्याही!

मास्तरांची एकच चिठ्ठी उरली होती. गाशा. म्हणजे घोड्याच्या खोगिरावर घालायचं जाड कापड.

कोशमंडळाचा नियम कडक. शब्द एकटा, जोडीदाराशिवाय, जिवंत माणसाच्या तोंडून, आपण न विचारता बाहेर पडला पाहिजे. तरच कोशात स्वतंत्र जागा. नाहीतर रवानगी क्रियापदाच्या पोटात. तारांबळ आणि भंबेरीला मास्तरांनी जड मनानं 'उडणे'कडे पोचवलं होतं. ससेमिरा 'लागणे'च्या ओसरीवर पडून होता.

मुख्य संपादकांचा फोन आला.

"गाशाचं काय झालं?"

"पुरावे चारशे आहेत, साहेब."

"एकटा किती ठिकाणी?"

"एकटा... नाही. सगळे गुंडाळतातच."

"म्हणजे गुंडाळणारे चारशे आणि अंथरणारा एक नाही! शनिवारी पाचपर्यंत वाट बघतो. मग त्यालाही पाठवा 'गुंडाळणे'कडे!"

मास्तर दमले होते. पण दमलेल्या माणसालाच दमलेल्या शब्दाचा कळवळा. एक तरी म्हातारा स्वतःच्या पायावर उभा राहू दे, म्हणून त्यांनी गादीवाल्याचं दुकान गाठलं. गाशा शिवायला टाकायचा. शिवणारा कधीतरी नाव घेईलच! फक्त आपण उच्चारायचं नाही.

"खोगिरावर घालतात ते शिवून हवंय. काय म्हणतात बरं त्याला?"

"चादर?"

"नाही हो."

"रजई? अभ्रा? कव्हर?"

"गाशा हो, गाशा!" मास्तर ओरडले आणि स्वतःच्याच तोंडानं पुरावा बाद करून बसले.

"मग तसं सांगा ना! घोड्याचं माप?"

चार पायांच्या एकाच वस्तूचं माप मास्तरांना पाठ होतं.

"पाच फूट बाय तीन."

गादीवाल्यानं पट्टी खाली ठेवली. "घोडा जरा बसका आहे का हो?"

"रुंद आहे," मास्तर म्हणाले.

शनिवारी दुपारी ते पुन्हा दुकानात गेले. माणूस बेसावध असताना काही बोलला तर टिपून घ्यावं! पण दुकानाला कुलूप. तासभर पायरीवर बसून मास्तर पाय ओढत घरी परतले. फाटकाशी वॉचमननं गाठलं.

"मास्तर, गादीवाला सांगून गेला. घोडा लिफ्टनं न्यायचा नाही हं!"

वर दाराबाहेर सगळी खोकी रचलेली. घरात चिडीचूप. गेली बहिणीकडे! त्यांनी हळूच दार लोटलं.

बायको टेबलापाशी बसली होती. टेबलावर मखमली किनारीचं जाड, लालभडक कापड. मापाला तंतोतंत! वर चहाचे दोन कप.

"गादीवाला देऊन गेला," ती लाजून म्हणाली. "घोड्याबिड्याचं काहीतरी बरळत होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा कामाचं काही आणलंत!"

मास्तरांना रडू आलं. डोळे पुसता पुसता त्यांनी कप उचलला.

"अहो, सांभाळून! गाशावर चहा सांडेल!"

मास्तर जागच्या जागी गोठले. एकटा! जिवंत तोंडून! न विचारता! "पुन्हा म्हण" हे ओठांवर आलेलं त्यांनी कसंबसं गिळलं, धावत जाऊन खोक्यातली चिठ्ठी आणि शाईचं पेन आणून टेबलावर ठेवलं.

"उचला ते! गाशाला शाई लागली तर बघा!"

दुसरा पुरावा! पाचला चार मिनिटं कमी होती. फ्रिजच्या दाराला चिठ्ठी टेकवून मास्तरांनी उभ्यानंच लिहिलं आणि फोन लावला.

"साहेब, गाशा! एकटा! दोनदा!"

"शाबास! घेतला कोशात! अर्थ काय लिहू?"

"खोगिरावर घालायचं..."

"पुस्तकातला नको मास्तर, पुराव्यातला सांगा. नियम आहे."

मास्तरांनी टेबलाकडे पाहिलं. बायको किनारीवरून हात फिरवत होती. त्यांनी एक लांबलचक सुस्कारा सोडला.

"टेबलक्लॉथ," ते म्हणाले.